दुसऱ्याचे मनोगत



वसंत व्याख्यानमालेचे व्यासपीठ हे विद्वानांचे. तेथे विडी कामगारांत आणि खाणमजुरांत आयुष्य घालवलेल्या माणसाला चालकांनी बोलावले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि मजुरांच्या हजेरीकार्डांवर. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु शाळेत जेव्हा मुलांना मजुरावर निबंध लिहायला सांगतात, तेव्हा तो मजूर माझ्या ओळखीचा असतो. तेवढ्याच अधिकारावर मी आज चार शब्द बोलणार आहे.

आपल्याकडे निबंधाचा एक प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'पूरग्रस्ताचे मनोगत', 'सैनिकाचे मनोगत', 'शेतकऱ्याचे मनोगत'. येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने यातले एखादे तरी लिहिलेले असेल. मुलाने थोडा वेळ स्वतःला विसरावे, दुसऱ्याच्या जागी उभे राहावे आणि 'मी' म्हणून बोलावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. दुसऱ्याचे दुःख आपले वाटल्याशिवाय समाज उभा राहत नाही, आणि युनियन तर नाहीच नाही. म्हणून हा प्रकार बंद करा असे म्हणायला मी आलेलो नाही. तो ज्या रीतीने चालतो तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

विषय मनात घोळू लागला तो एका परदेशी गृहपाठामुळे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची पुतणी अमेरिकेत असते. मागच्या दिवाळीत ती मंडळी तुमसरला आली होती. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने मला आपली वही दाखवली. शाळेने विषय दिला होता : 'तू १८६७ सालचा चिनी मजूर आहेस, रेल्वेच्या कामावर आहेस, घरी आईला पत्र लिही.' मुलगा हुशार. त्याने थंडी लिहिली, डोंगर लिहिले, आईच्या हातच्या भाताची आठवण लिहिली. बाईंनी शाबासकी दिली होती. मी त्याला सहज विचारले, "बाळ, तुला पगार किती होता रे? जेवण मालकाचे की तुझे? आणि तुला लिहायला येत होते, की पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलेस?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, हे आम्हाला सांगितलंच नाही."

मुलाचा त्यात काही दोष नाही. पण ते सांगितले असते तर त्याचे पत्र कसे झाले असते, ते पाहा.

अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम किनारा रेल्वेने जोडायचे काम १८६० नंतरच्या दशकात चालू होते. पश्चिमेकडून 'सेंट्रल पॅसिफिक' ही कंपनी येत होती, आणि तिच्या वाटेत सिएरा नेवाडा हा पहाड होता. गोरे मजूर खाणींतले सोने शोधायला पळून जात. म्हणून कंपनीने चिनी माणसे घेतली. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातली ही शेतकऱ्यांची मुले. एकूण दहा हजारांहून अधिक माणसे त्या कामावर राबली. ग्रॅनाइटच्या दगडातून बोगदे काढायचे, आणि दगड असा की कित्येक दिवस एका तोंडावर जेमतेम फूटभर काम पुढे सरके. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाच्या कडा कोसळून माणसे गाडली गेली. त्यांतली काही प्रेते बर्फ वितळल्यावर सापडली.

आता पगाराचे. १८६७ च्या वसंतात चिनी मजुराचा पगार महिना ३१ डॉलरवरून ३५ डॉलर झाला होता. गोऱ्या मजुराला वर जेवण मिळे. चिन्याने आपले जेवण आपल्या पैशाने करायचे. आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस या लोकांनी संप केला. तीन हजारांच्या आसपास माणसे हत्यारे खाली ठेवून आपापल्या छावणीत बसली. मागणी काय? महिना ४० डॉलर, उघड्यावरचे काम दहा तास, बोगद्यातले आठ तास. दंगा नाही, मारामारी नाही. डोंगरात मैलोन् मैल पसरलेल्या छावण्या एकाच वेळी बंद. मी आयुष्यभर संप पाहिले आहेत, काही केले आहेत. एवढी शिस्त किती मोलाची असते हे मला ठाऊक आहे. कंपनीचा कारभारी चार्ल्स क्रॉकर याने त्यांची रसद तोडली. डोंगरात दुसरे अन्न कोठून मिळणार? आठवड्याभरात संप मोडला.

दोन वर्षांनी, १० मे १८६९ रोजी, प्रोमोंटरी येथे दोन्हीकडचे रूळ जुळले. त्या दिवसाचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे, त्यात समारंभाची मंडळी आहेत, बाटल्या उंचावलेल्या आहेत. चिनी मजूर मात्र शोधूनही सापडणे कठीण. आणि १८८२ साली अमेरिकेने कायदाच केला की चिनी मजुरांनी या देशात येऊ नये. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला.

यात एक गोष्ट आहे, ती ऐकून मी फार विचारात पडलो. इतकी हजारो माणसे त्या रेल्वेवर राबली, पण त्यांच्यापैकी एकानेही लिहिलेले पत्र वा रोजनिशी आजवर हाती आलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही देशांत वर्षानुवर्षे शोध घेतला. कंपनीच्या पगारवह्या मिळाल्या, छावणीच्या जागी भांड्यांचे तुकडे मिळाले. पत्र मिळाले नाही. म्हणजे शाळा मुलांना जे पत्र लिहायला सांगते, ते पत्र जगातून नाहीसे झालेले आहे. ही गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावर मग लिहायला बसवा. त्या मुलाला कळेल की आपण एका हरवलेल्या माणसाच्या जागी लिहीत आहोत. तो जपून लिहील. न सांगितले तर तो आपल्याच मनातली गोष्ट त्या माणसाच्या तोंडी घालील, आणि त्याला वाटेल की आपल्याला तो माणूस कळला.

मंडळी, अशा लिखाणात काय होते याचा मी बराच विचार केला आहे. माहिती नसली की मूल करुणेकडे वळते; दुसरा आधार त्याच्याजवळ नसतो. म्हणून आपल्या निबंधांतला मजूर नेहमी रडतो. त्याचे हात फाटलेले असतात, त्याच्या डोळ्यांत पाणी असते, आणि शेवटी तो 'समाजा, माझ्याकडे लक्ष दे' म्हणून हात जोडतो. तो कधी हिशेब करीत नाही. त्याला कधी राग येत नाही, तो कधी थट्टा करीत नाही. चार जणांना घेऊन सट्टेदाराच्या दारात जात नाही. त्या अमेरिकेतल्या मुलाच्या पत्राचे साल होते १८६७, म्हणजे संपाचे साल; आणि पत्रात संपाचे नाव नव्हते. कींव करायला काही खर्च येत नाही. हिशेब समजून घ्यायला मात्र मेहनत लागते, आणि हिशेब समजला की कोणाकडे तरी बोट दाखवावे लागते. म्हणून आपण मोठी माणसे मुलांना कींव शिकवून मोकळे होतो.

आपल्या घरचे उदाहरण देतो. आपला भंडारा जिल्हा विडीचा. एका शाळेत, तिचे नाव मी घेत नाही, सातवीच्या वर्गाला 'विडी कामगाराचे मनोगत' हा विषय दिला होता. वर्गातल्या बहुतेकांनी पुस्तकी मार्गदर्शकातले मनोगत थोडे बदलून उतरवले. एका मुलीची आई विड्या वळते. त्या मुलीने लिहिले की तेंदूची पाने रात्री भिजत घालावी लागतात, नाहीतर सकाळी फाटतात. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापताना कात्री कशी धरायची ते लिहिले. मग तिने छाट लिहिली. आपणांपैकी ज्यांच्या घरी विडी वळत नाही त्यांच्यासाठी सांगतो : वळलेल्या विड्या मोजून घेताना सट्टेदार त्यातल्या काही वाईट म्हणून बाजूला काढतो, तिला छाट म्हणतात. छाटीचे पैसे बाईला मिळत नाहीत. आणि पुष्कळ ठिकाणी ती छाट बाईला परतही मिळत नाही. त्या मुलीने शेवटी लिहिले होते की, 'छाटीच्या विड्या वाईट असतात तर सट्टेदार त्या ठेवून का घेतो?'

बंधुभगिनींनो, एवढ्या एका प्रश्नावर आम्ही युनियनवाल्यांनी वर्षानुवर्षे अर्ज लिहिले आहेत. आणि निबंधाला दहापैकी चार गुण. खाली शेरा : 'भावना कमी. विषयाला धरून नाही.' ती वही तिच्या आईने मला आणून दाखवली. आईला वाचता येत नव्हते. पोरीने काही वाकडे लिहिले की काय, एवढीच तिला काळजी. मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरोबरच तर लिहिलं आहे पोरीने."

आता तुम्ही म्हणाल, मग काय विडीवाल्याच्या मुलीनेच विडीवर लिहावे? मजुराने मजुरावर, शेतकऱ्याने शेतकऱ्यावर? तसे मी म्हणत नाही. तसे झाले तर माणसामाणसांत बोलणेच उरणार नाही. पण ज्याच्या घरी ते जगणे चालू आहे त्याला वर्गात बोलायची पहिली संधी द्यावी, आणि त्याच्या शब्दाला मार्गदर्शकातल्या शब्दापेक्षा कमी लेखू नये, एवढे तरी म्हणायला हरकत नसावी.

मराठीत याचा फार मोठा दाखला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांच्या आसपासचे वय. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तो शाळकरी मुलीचाच निबंध. तिला कोणी 'अशी कल्पना कर' म्हणून सांगितले नव्हते. आपल्या लोकांवर काय गुदरले ते तिने आपल्या तोंडाने सांगितले, आणि ज्यांनी ते घडवले त्यांना प्रश्न विचारले. पावणेदोनशे वर्षे होत आली, त्या निबंधाची धार गेलेली नाही. त्या काळी एखाद्या सुखवस्तू घरच्या मुलाला 'अस्पृश्याचे मनोगत' लिहायला दिले असते तर काय लिहून आले असते, याची आपण कल्पनाच केलेली बरी.

चिन्यांची गोष्ट निघाली आहे तर ती अमेरिकेवर ठेवून मला उठायचे नाही. परक्या देशाचा अन्याय सांगणे सोपे असते. चिनी माणूस आपल्याही देशात आला, आपल्या महाराष्ट्रातही आला, आणि आपल्या या गावांच्या शेजारीही आला. त्याचे मनोगत आपल्या शाळांनी कधी विचारले आहे काय?

महाबळेश्वरला पुष्कळ लोक सहलीला जातात. तेथे एका धबधब्याचे नाव 'चायनामन' आहे. ते नाव का पडले? इंग्रजांनी सिंगापूर-पिनांगकडच्या वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी तेथे आणून ठेवले होते. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. तोवर या कैद्यांनी तेथल्या बागांत राबून बटाटा आणि भाजीपाला पिकवला. आपण तेथे फोटो काढतो आणि परततो. मुंबईला माझगावात चिनी लोकांचे एक देऊळ आहे, १९१९ सालचे, 'सी यप कून' नावाचे. सी यप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. आणि अमेरिकेच्या रेल्वेवर राबलेले पुष्कळ मजूर त्याच चार तालुक्यांतले! एका मुलखातली माणसे पोटासाठी कोणी कॅलिफोर्नियाला गेली, कोणी जहाजांवर काम करीत माझगावच्या गोदीशी आली. आपल्या कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तशीच.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले, वय अवघे बत्तीस. त्यांचा धडा आपण अभिमानाने शिकवतो, शिकवलाच पाहिजे. पण आपण तिकडे गेलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, इकडे आलेल्याची सांगत नाही.

१९६२ च्या युद्धात काय झाले? आसामात माकुम म्हणून गाव आहे. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात चिनी कामगार आणले, त्यांची वंशज मंडळी तेथे पिढ्यान् पिढ्या राहत होती. त्यांनी तेथल्या मुलींशी लग्ने केली, त्यांची मुले आसामी बोलत होती. युद्ध पेटल्यावर अशा माणसांना आसामातून, दार्जिलिंगकडून घराबाहेर काढून आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेले. सुमारे तीन हजार माणसे. म्हातारी, पोरे, बाया, सगळी. कित्येक जण वर्षानुवर्षे तेथे राहिले. परत आले तेव्हा पुष्कळांची घरे-दुकाने दुसऱ्यांची झाली होती. युद्ध दोन सरकारांचे होते. त्या सुताराने किंवा चांभाराने काय केले होते? त्यांच्या शेजाऱ्यांनी त्या रात्री काय केले, हा खरा निबंधाचा विषय आहे. तो विषय दिला तर मुलाला चिनी माणसाच्या जागी उभे राहायचे नाही. त्याला शेजाऱ्याच्या जागी उभे राहायचे आहे, आणि ती जागा आपल्या सर्वांची आहे. अधिक अवघड आहे, म्हणून अधिक शिकवणारी आहे.

आणि आता अगदी जवळचे. तुमसर रोडवरून तिरोडीला रेल्वेची शाखा जाते. ती मँगनीजसाठी घातलेली वाट. चिखला, डोंगरी, तिरोडी, या खाणींत छत्तीसगढपासूनची माणसे येऊन राबली. आज त्यांची नातवंडे येथलीच झाली आहेत. त्या तिरोडीत वांग छी नावाचा चिनी मनुष्य राहत होता. लोक त्याला 'राज बहादूर' म्हणत. तो चिनी सैन्यात सर्वेक्षणाचे काम करी. १९६३ च्या जानेवारीत तो सरहद्दीवर भारताच्या हद्दीत पकडला गेला. त्याचे स्वतःचे म्हणणे असे की, छावणीबाहेर फिरायला गेलो, वाट चुकलो, भुकेला होतो, रेड क्रॉसची गाडी दिसली म्हणून मदत मागितली. सहा-सात वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर १९६९ साली कोर्टाच्या हुकुमाने तो सुटला आणि त्याला तिरोडीत आणून सोडले. भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही. तेथे त्याने पिठाच्या गिरणीवर काम केले, तेथल्याच मुलीशी लग्न केले, मुलेबाळे झाली, लहानसे दुकान टाकले. पण भारताचा नागरिक नाही आणि घरी जायचा कागदही नाही. चाळीस वर्षांनंतर, २००२ साली, त्याचे फोनवर आईशी बोलणे झाले. आई म्हणाली, एकदा ये, माझे दिवस थोडे आहेत. २००६ मध्ये ती वारली. चीनचे पारपत्र मिळाले २०१३ साली. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत, चौपन्न वर्षांनी, तो आपल्या गावी पोहोचला.

तिरोडी येथून किती लांब? आपल्या भागातला मजूर, व्यापारी, बाजारकरू सगळे त्या वाटेने जातात. त्याच्या गिरणीवर दळण टाकलेल्या बाया असतील, त्याच्या दुकानातून गूळ नेलेली पोरे असतील. चिनी स्थलांतरिताचा अनुभव शिकायला आपल्याला अमेरिकेचे पुस्तक नको होते. नदी ओलांडून जायचे होते आणि विचारायचे होते. आपण ते केले नाही. मग बाहेरच्या बातमीदारांनी केले आणि साऱ्या जगाला कळले.

बपेऱ्याला तर मी परकेपणाविषयी अधिक काय सांगू? पुलाच्या या टोकाला महाराष्ट्र, त्या टोकाला मध्यप्रदेश. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे एकाच राज्यातले जिल्हे होते. त्या वर्षी नोव्हेंबरात रेषा ओढली गेली. नदी तीच, सोयरिकी त्याच, पण कागद बदलले. मुलीला पलीकडे दिली की तिच्या रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत काय हाल होतात, हे येथल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. कागद नसलेल्या माणसाचे दुःख समजायला या गावाइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

एक गोष्ट आणखी. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली आणि मजूर पायी निघाले. नागपूरहून भंडाऱ्यावरून छत्तीसगढकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आपण त्यांना पाहिले. ८ मे २०२० रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडपाशी, जालन्याहून निघालेले सोळा मजूर रुळावर झोपले असता मालगाडीखाली गेले. मध्यप्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ती माणसे. पुढे 'पायी निघालेल्या मजुराचे मनोगत' हा विषय मी दोन-तीन वह्यांत पाहिला. सर्व वह्यांत रुळावर पडलेल्या पोळ्या होत्या, ऊन होते, फोड होते. एकाही वहीत असे नव्हते की १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा त्या वेळी लागू होता, आणि परराज्यातून माणसे आणणाऱ्या ठेकेदाराने त्यांना येण्याचे आणि परत जाण्याचे भाडे द्यावे असे त्यात लिहिले होते. त्या एका कलमाने मनोगत बदलते. 'माझे नशीब फुटके' असे म्हणणारा मनुष्य 'माझे भाडे कोठे आहे?' असे विचारू लागतो.

आणि या वर्गांत कोण बसलेले असते? ज्याचा बाप तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे तो मुलगा. वीटभट्टीवरून उशिरा परतल्यामुळे जूनऐवजी जुलैत शाळेत आलेली मुलगी. गुरुजी म्हणतात, 'कल्पना करा की तुम्ही स्थलांतरित मजूर आहात.' त्या मुलाने काय कल्पना करायची? एक तर तो गप्प बसतो, नाहीतर सगळा वर्ग वळून त्याच्याकडे पाहतो. या दोन्हींत त्याचा अपमान आहे. त्याला मागे न्यायचे नाही आणि नमुना म्हणून पुढेही उभे करायचे नाही. त्याची इच्छा असेल तर त्याला माहितगार म्हणून बोलू द्यायचे. दोन्हींत अंतर आहे, आणि चांगल्या शिक्षकाला ते कळते.

माझे शिक्षक मित्र म्हणतात, "तुमचे खरे आहे, पण वर्गात चाळीस मुले, अभ्यासक्रम एवढा, वेळ कोठे आहे?" त्यांची अडचण मी जाणतो, शिक्षक हाही कामगारच आहे. म्हणून मी मोठी योजना मांडत नाही. वर्षात दहा मनोगते लिहून घेता, ती दोन करा. लिहिण्याच्या आधी एक आठवडा मुलांना प्रश्न घेऊन पाठवा. आजीला विचारा, पहिली मजुरी किती मिळाली, ती कोणाच्या हाती दिली? आजोबांना विचारा, खाणीत कोणाच्या ओळखीने लागलात, राहायला कोठे होतात, कामावर जखम झाली तेव्हा पैसे कोणी दिले? घरात जुने हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड असेल ते पाहा. गावात बाहेरून आलेला कोणी असेल, सोनार, पाववाला, लोहार, तर त्याची परवानगी घेऊन विचारा. तो नको म्हणाला तर नमस्कार करून परत या. नको म्हणण्याचा त्याला हक्क आहे हेही शिक्षणच. मग लिहा. आणि जे कळले नाही ते कल्पनेने भरू नका. 'हे मला कळले नाही' असे एक वाक्य लिहा. त्या वाक्याला गुण द्या.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल आयलंड म्हणून बेट आहे. १९१० ते १९४० पर्यंत तेथे येणाऱ्या चिन्यांना अडकवून ठेवीत आणि त्यांची उलटतपासणी घेत. तुझ्या घराला पायऱ्या किती? दार कोणत्या दिशेला? शेजारच्या घरात कोण राहते? उत्तर चुकले की परत पाठवणी. त्या बराकींच्या लाकडी भिंतींवर अडकलेल्या माणसांनी कविता कोरल्या. दोनशेच्या वर कविता सापडल्या आहेत. रेल्वेवाल्यांचे एकही पत्र उरले नाही, पण या भिंती उरल्या. १९७० साली बराकी पाडणार होते, तेव्हा एका पहारेकऱ्याच्या ते लक्षात आले म्हणून उरल्या. मला त्या प्रश्नांचे फार नवल वाटते. पायऱ्या किती, दार कोठे, शेजारी कोण : माणूस समजून घेण्यासाठी याहून चांगले प्रश्न नाहीत. त्या अधिकाऱ्याने ते माणसाला हाकलण्यासाठी विचारले. आपण तेच प्रश्न त्याला घरात घेण्यासाठी विचारू शकतो.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या पंचक्रोशीतल्या कोणत्याही एका शाळेने हा प्रयोग करावा. मुलांनी जमवलेले एका वहीत नीट उतरवून काढावे. कागद आणि बांधणीचा खर्च आमची युनियन देईल. विडीवाल्या बायांच्या, खाणीतल्या माणसांच्या, नदीपलीकडून आलेल्या सुनांच्या हकिकती त्यात असतील. त्यांतले पुष्कळ लोक सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांची पत्रे कोठेच नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. पुढे केव्हातरी एखाद्या शाळेत एखाद्या मुलाला 'तू भंडाऱ्याचा विडी कामगार आहेस असे समज' म्हणून सांगतील. त्या वेळी त्याच्या हातात निदान आपली ही एक वही असावी.